यंत्रांची जागल

माझ्या लहानपणी, पौषाच्या थंडीत ज्वारीची कणसे भरू लागली की आमचे आजोबा रात्री जागलीला रानात जात. चार वाशांवर बांधलेला माळा, अंगावर घोंगडी, खाली कंदील आणि हाताशी पत्र्याचा एक रिकामा डबा. रानडुकरे आली की डबा वाजवायचा. हट्ट करून एक-दोनदा मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. आजोबा मधूनमधून काही कारण नसताना हाक घालीत, "होऽऽऽ!" आणि पलीकडच्या रानातल्या माळ्यावरून तशीच हाक परत येई. डुकरे नाहीत, चोर नाही, मग ही हाक कशाला? मी विचारले. आजोबा म्हणाले, "आरं, तो जागा हाय का बघतोय. हाक आली तर बरं. न्हाई आली तर कंदील घेऊन जायला पाहिजे. झोप लागली असंल, न्हाईतर पान लागलं असंल." रात्रीच्या वेळी आमच्याकडे सापाचे नाव घेत नाहीत. साप चावला असे न म्हणता पान लागले म्हणतात.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते यंत्रांच्या जागलीविषयी. म्हणजे संगणकावरची संकेतस्थळे, आणि त्यांच्या पाठीमागे चालणारा यंत्रायंत्रांतला व्यवहार, हे सारे चालू आहे की बंद पडले आहे, याच्यावर रात्रंदिवस नजर कोण ठेवतो, कशी ठेवतो, आणि ही विद्या माणसाने कशी कमावली, त्याची हकिकत.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमचा याच्याशी काय संबंध?" संबंध आहे. सातबारा संकेतस्थळावर मिळतो. शिष्यवृत्तीचा अर्ज तिथेच भरायचा. दुकानात मोबाइलने पैसे देताना तुमचा मोबाइल बँकेच्या यंत्राला विचारतो, ते यंत्र मधल्या यंत्रणेला विचारते, ती दुकानदाराच्या बँकेला विचारते, आणि मग दुकानदाराच्या डब्यातून आवाज येतो की पैसे मिळाले. एका यंत्राने दुसऱ्याला कोणत्या शब्दांत विचारायचे आणि दुसऱ्याने कसे उत्तर द्यायचे, याची एक ठरलेली रीत असते. तिला एपीआय म्हणतात. संकेतस्थळ हा कचेरीचा पुढचा दरवाजा समजा, तर एपीआय म्हणजे कचेरी-कचेरीतली आतली खिडकी. दरवाजा बंद झाला तर आपल्याला दिसतो. खिडकी बंद झाली तर दिसत नाही, फक्त काम होत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला शेवटच्या दिवशी एस.टी.ने तालुक्याला आली. आधी का आली नाही? दाखला आदल्या संध्याकाळी हाती पडला म्हणून. दुकानातल्या संगणकावर संकेतस्थळ उघडत होते, नाव-गाव भरले जात होते, पण शेवटचे बटण दाबले की चाक नुसते गरगर फिरत राही. मी स्वतः मदतकेंद्राला फोन लावला. तिकडून उत्तर आले, "साइट चालू आहे सर. आम्हाला इथे दिसतेय." ते खोटे बोलत नव्हते. पहिले पान खरोखरच दिसत होते. रात्री बारा वाजता मुदत संपली. दुसऱ्या दिवशी मुदत एका दिवसाने वाढवल्याचे परिपत्रक निघाले आणि ते त्याच संकेतस्थळावर लागले. तिला ते कळेपर्यंत तोही दिवस गेला होता. त्या वर्षीची तिची शिष्यवृत्ती बुडाली.

दोष कुणाचा, हे मी इथे काढीत बसत नाही. मला त्या वेळी वाटले ते इतकेच की यंत्र बिघडल्याची खबर सर्वांत आधी त्या मुलीला लागली, आणि ज्याच्या हाती दुरुस्ती होती त्याला सर्वांत शेवटी. हे उलटे व्हायला हवे. ते उलटे करण्यासाठी माणसाने काय काय केले, हाच या विषयाचा इतिहास आहे.

याची सुरुवात संगणकाच्या फार आधी, समुद्रावर झाली. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी 'टायटॅनिक' जहाज हिमनगावर आपटले. त्याहून फार दूर नसलेल्या ठिकाणी 'कॅलिफोर्नियन' नावाचे दुसरे जहाज बर्फामुळे थांबून होते. त्यावर बिनतारी यंत्र होते, पण ते चालवणारा माणूस एकच. दिवसभर काम करून तो अपघाताच्या थोडाच वेळ आधी यंत्र बंद करून झोपी गेला. टायटॅनिकच्या हाका आकाशात घुमत होत्या आणि जवळचा कान झोपलेला होता. 'कार्पेथिया' या कितीतरी दूरच्या जहाजावरचा तारवाला निजायच्या बेतात होता, पण कानाला यंत्र लावलेले होते, म्हणून त्याला हाक ऐकू आली. ते जहाज पहाटे चारच्या सुमारास पोचले आणि सातशेच्या वर माणसे वाचली. पण टायटॅनिक रात्री दोन वाजून वीस मिनिटांनीच बुडाले होते, आणि दीड हजारांहून अधिक माणसे गेली होती.

जग हादरले. मोठ्या जहाजांवर चोवीस तास बिनतारी पहारा हवा, हे १९१४ साली लंडनला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात ठरले. पण प्रत्येक जहाजावर तीन-तीन तारवाले ठेवायचे म्हणजे खर्च आला. तेव्हा कारागिरांनी असे यंत्र काढले, की जे माणूस झोपला असताना स्वतः ऐकेल आणि हाक आली की त्याला घंटा वाजवून उठवील. त्यासाठी १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत एक खूण ठरली: एका मिनिटात बारा लांब सूर, प्रत्येक सूर चार सेकंदांचा, मध्ये एक सेकंद विश्रांती. आता यातली हुशारी पाहा. आकाशात विजा कडाडतात, दुसऱ्यांचे संदेश चालू असतात. एखाद्या खरखरीने घंटा वाजू लागली तर तारवाला वैतागून तारच काढून ठेवील. म्हणून त्या यंत्राला शिकवले होते की एका सुरावर विश्वास ठेवायचा नाही, लागोपाठ तीन-चार सूर बरोबर मापाचे आले तरच घंटा वाजवायची. आणखी एक गोष्ट. हे यंत्र स्वतः बिघडले तर तेही त्याने होता होईल तो कळवावे, असा दंडक पुढच्या नियमांत आला. म्हणजे राखणदाराने आपल्या दुखण्याचीही वर्दी द्यायची. हे दोन मुद्दे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता संगणकाकडे येऊ. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, लष्कराच्या एका संशोधनशाळेत माइक मस नावाचा एक गृहस्थ काम करीत होता. संगणकांचे जाळे नीट चालेना. कुठला संगणक जागा आहे, कुठला नाही, कळायला मार्ग नाही. त्याने एका रात्रीत एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तो दुसऱ्या संगणकाकडे एक चिमुकला संदेश पाठवी. अर्थ एवढाच, की हे मिळाले तर तसेच परत पाठव. उत्तर आले तर यंत्र जागे, आणि ते किती वेळात आले त्यावरून वाट मोकळी की तुंबलेली, तेही समजे. पाणबुडी शोधणारी जहाजे पाण्यात आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. त्या आवाजावरून मसने आपल्या प्रोग्रामचे नाव 'पिंग' ठेवले. आमच्या आजोबांची हाक ती हीच. मस २००० साली वारला, पण त्याची ती हाक आजही जगभरच्या तारांतून अखंड चालू आहे.

त्याची एक गंमत सांगतात. एका इमारतीत संगणकाची तार कुठेतरी सैल झाली होती. कधी जोडली जाई, कधी तुटे. एका माणसाने संगणकाला सांगितले, की प्रत्येक उत्तराला मोठ्याने 'पिंग' म्हण. आवाज वाढवून ठेवला आणि गडी इमारतभर तारा हलवीत हिंडला. पिंग, पिंग, पिंग... आणि एके ठिकाणी हात लावताच आवाज थांबला. सापडली तार! इथे दोष दाखवला तो आवाजाने नव्हे, आवाज थांबण्याने. घराशेजारची गिरणी चालू असते तोवर तिची फुकफुक आपल्या कानांना कळतही नाही. ती थांबली की आपण चमकून वर बघतो, तसेच हे.

पण हाकेला 'ओ' देणारा माणूस कामही करीत असेलच असे नाही. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणून मुलगा खिडकीबाहेर बघत बसतो, हे शिक्षकांना मी काय सांगावे? याचा फार महागात पडलेला दाखला संगणकाच्या दुनियेतला नाही, अणुवीज केंद्रातला आहे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील केंद्रात एक झडप उघडी राहिली आणि अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी तिच्यातून निघून जाऊ लागले. नियंत्रण-कक्षातला दिवा मात्र झडप बंद झाल्यासारखे दाखवीत होता. कारण तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. झडपेला 'मिट' असा हुकूम गेला, एवढेच त्याला ठाऊक. हुकूम निघाला हे खरे, पण तो अमलात आला नाही, हे दिवा सांगू शकत नव्हता. भर म्हणून पहिल्या काही मिनिटांतच शंभरांहून अधिक इशारे एकदम पेटले. त्या गोंगाटात कामाचा इशारा कोणता, हे माणसांना उमगेना. ती गळती थांबवायला दोन तासांहून जास्त वेळ गेला आणि तोवर अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला होता.

माझ्या विद्यार्थिनीला मिळालेले "साइट चालू आहे" हे उत्तर त्या दिव्यासारखेच होते. पहिले पान उघडते, एवढेच ते सांगत होते. म्हणून जाणते लोक आता नुसता दरवाजा ठोठावून थांबत नाहीत. दर काही मिनिटांनी एक यंत्र खोट्या नावाने आत जाते, चाचणीचा अर्ज भरते, सादर करते, आणि पोच मिळाली की नाही ते पाहते. संकेतस्थळ प्रत्येक मागणीला एक आकडा परत देते. २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू इथे नाही, ५०३ म्हणजे सध्या सेवा देता येत नाही. पण २०० आला तरी पानावर हवा तो मजकूर आहे का, आणि उत्तर दोन सेकंदांत आले की चाळीस, हेही पाहावे लागते. चाळीस सेकंदांनी आलेले उत्तर वापरणाऱ्याच्या लेखी 'नाही' असेच असते.

अशी तपासणी माणसाने बसून करायची म्हटली तर दोन दिवसांत कंटाळेल. १९९९ साली ईथन गॉलस्टाड नावाच्या अमेरिकन तरुणाने हे काम करणारा 'नेटसेंट' नावाचा प्रोग्राम लोकांना फुकट दिला. पुढे त्याचेच नाव 'नॅगिऑस' झाले आणि तो जगभर पसरला. त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. एकदा उत्तर आले नाही तर तो लगेच बोंब मारीत नाही. ती खबर कच्ची धरतो. ठरलेल्या वेळा पुन्हा विचारतो, आणि तरीही उत्तर नाही आले तर खबर पक्की धरून माणसाला निरोप धाडतो. जहाजावरच्या त्या तीन-चार सुरांचेच हे तत्त्व. हे न पाळले तर 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतल्या पोरासारखी गत होते. रात्री चारदा खोट्या इशाऱ्याने उठलेला माणूस पाचव्यांदा मोबाइल उशीखाली सारतो, आणि तो पाचवाच खरा निघतो.

इथवर आले तरी एक प्रश्न उरतोच. राखणदाराची राखण कोणी करायची? १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका वीज कंपनीच्या नियंत्रण-कक्षात दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी इशारे देणारा प्रोग्राम बंद पडला. गाजावाजा न करता, गुपचूप. कर्मचाऱ्यांना वाटले, इशारा नाही त्याअर्थी सर्व कुशल. तिकडे वीजवाहक तारा गरम होऊन झोळ पडून झाडांना टेकत होत्या आणि एकामागून एक बाद होत होत्या. संगणक सांभाळणाऱ्या विभागाला यंत्र बंद पडल्याचा आपोआप निरोप गेला होता, पण त्यांनी तो नियंत्रण-कक्षातल्या माणसांना सांगितला नाही. दोनच तासांत अमेरिकेची आठ राज्ये आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत इथल्या सुमारे पाच कोटी माणसांची वीज गेली. डुकरे शिरली होती आणि माळ्यावरचा गडी निजला होता, असे म्हणावे तर तेही नाही. गडी जागा होता, त्याचा डबाच फुटला होता.

यावर उपाय आजोबांचाच. पहारा देणाऱ्या यंत्रानेही दर मिनिटाला 'मी आहे' असे कळवायचे, आणि ती हाक थांबली की दुसऱ्याने घंटा वाजवायची.

आणि हा दुसरा उभा कुठे असावा? त्याच घरात नसावा. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉन कंपनीच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या साठवण-यंत्रणेत कर्मचाऱ्याने एक आज्ञा चुकीची दिली आणि हवे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले. असंख्य संकेतस्थळे काही तास लंगडी पडली. मौज अशी, की यंत्रणा ठीक आहे की नाही हे ग्राहकांना सांगणारा जो फलक, तोही त्याच यंत्रणेच्या आधाराने चालत होता. त्यामुळे सुमारे दोन तास त्या फलकावर खरी स्थिती दाखवताच येईना. मुदतवाढीचे परिपत्रक बंद पडलेल्या संकेतस्थळावरच लावण्याची चूक केवळ आपल्याकडेच होते असे समजू नका. विहिरीत पडलेल्याने विहिरीतूनच गावाला दवंडी कशी द्यावी? म्हणून चांगली देखरेख बाहेरून, वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळ्या तारांवरून केली जाते.

आता कुणी म्हणेल, मग दर क्षणाला विचारत राहावे, म्हणजे झाले. तसेही नाही. मोबाइलवरून पैसे देण्याची युपीआय यंत्रणा आपल्याकडे २०१६ साली सुरू झाली. ती चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी ती काही तास अडखळली, लोक दुकानांपुढे मोबाइल धरून उभे राहिले. महामंडळाला चौकशीत आढळले ते असे, की काही बँकांची यंत्रे 'त्या व्यवहाराचे काय झाले?' ही विचारणा पुन्हापुन्हा, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा, करीत होती. त्या विचारण्याच्या लोंढ्याखाली यंत्रणा दबली. ऑगस्ट २०२५ पासून अशा विचारणांवर बंधने आली. खात्यातली शिल्लक एका ॲपवरून दिवसात ५० वेळांपेक्षा जास्त पाहता येणार नाही, हे त्यातलेच एक. आजाऱ्याच्या खाटेभोवती गर्दी करून दर मिनिटाला "बरं वाटतंय का?" विचारले तर त्या बिचाऱ्याला उत्तरे देण्यातच धाप लागते. जागलीलाही ताल हवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, जाता जाता वर्गात करून घेण्यासारखे एक गणित सांगतो. संकेतस्थळ चालवणारे मोठ्या अभिमानाने सांगतात, आमची सेवा ९९ टक्के वेळ चालू असते. ऐकायला बरे वाटते. पण वर्षाच्या ३६५ दिवसांचा एक टक्का म्हणजे ३ दिवस आणि १५ तासांहून जास्त. ९९.९ टक्के म्हटले तरी वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद. ९९.९९ टक्के म्हणजे साडेबावन्न मिनिटे, आणि ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटे. मुलांना हे फळ्यावर सोडवू द्या आणि मग विचारा, की ते पावणेनऊ तास कोणते? मे महिन्यातल्या एखाद्या रात्रीचे असतील तर कुणाचे काही अडत नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवसाचे असतील तर एका मुलीचे वर्ष जाते. टक्केवारीत दोन्ही सारखेच दिसतात.

आणि असा प्रसंग आपल्या गावात आलाच, तर नुसते "साइट बंद आहे" म्हणून परतू नका. दिवस आणि वेळ लिहून ठेवा. कोणते पान उघडले, कोणते बटण दाबल्यावर गाडी अडली, पडद्यावर कोणता आकडा किंवा मजकूर आला, त्याचे मोबाइलने चित्र घ्या. एवढे हाताशी असले की "आम्हाला इथे दिसतेय" या उत्तराला आपल्याकडे उत्तर असते. मी त्या दिवशी हे केले नाही. मास्तर असून मला ते सुचले नाही, याची रुखरुख अजून आहे.

श्रोतेहो, टायटॅनिकपासून आपल्या मोबाइलपर्यंत सगळ्या हकिकतींचे सार काढायचे तर एका ओळीत निघते: शांतता म्हणजे कुशल नव्हे. तक्रार आली नाही म्हणून सारे ठीक आहे, असे जो समजतो तो झोपलेला आहे. विचारले पाहिजे, बाहेरून विचारले पाहिजे, ताल सांभाळून विचारले पाहिजे, आणि उत्तर आले नाही तर कुणीतरी उठले पाहिजे. विचारण्याचे काम आता यंत्रे करतात, आणि माणसापेक्षा नेटाने करतात. पण कंदील घेऊन अंधारात बांधावरून चालत जायचे काम अजून माणसाचेच आहे. आमच्या रानात आता माळा उरलेला नाही, आजोबाही नाहीत. पण रात्री उशिरा एखादे संकेतस्थळ अडून बसले, की मला ती हाक आठवते आणि मनात येते, पलीकडे कुणी जागे आहे ना?